बंद पेटीतल्या पेशी

३ मार्च

निकाल आला! भुलीचा वायू दिलेल्या डिशमध्ये, पित्तनळीच्या कॅन्सरपेशींत, आम्ही मोजतो ते प्रथिन दुपटीहून जास्त. हे वाढलं की पेशी हातपाय पसरू लागतात. माझ्या मार्गदर्शक प्राध्यापक, आचान विपावी, सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत — आज सगळ्या लॅबला आंबा आणि चिकट भात खाऊ घातला.

५ मार्च

गावी जेवताना बढाई मारलीच. भुलीच्या वायूनं कॅन्सर चेकाळतो, मी डोळ्यांनी पाहिलंय, वगैरे. बुआलाय मावशी समोरच होती. तिच्याच पित्तनळीचं ऑपरेशन वीस तारखेला आहे!

८ मार्च

मावशीनं ऑपरेशनला नकार दिला. फोन करून समजावलं — डिशमध्ये झालं ते माणसात होईलच असं नाही. तर म्हणाली, "कॅन्सर करणारे कृमी असतात म्हणून कच्चा मासा सोड म्हणालीस, सोडला. आता हा वायूपण सोडते. तुझंच ऐकतेय ना?"

मी फार ताणून धरलं नाही. खरं लिहायचं तर आतून सुखावले होते. घरात मावशी सोडून कुणीच माझं म्हणणं मानत नाही.

१२ मार्च

वायूच्या डिश मी बंद पेटीत ठेवत होते आणि तुलनेच्या डिश बाहेर! आज पेटीत नुसती हवा भरून पाहिलं. प्रथिन तितकंच वाढलं. पेशी पेटीत गुदमरत होत्या, बस्स. प्राणवायू कमी पडला की ते वाढतंच, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. वायू दोषी की निर्दोष, माझ्या प्रयोगातून काहीच कळत नाही. आणि गाठ मात्र मावशीच्या पोटात वाढतेय.

१३ मार्च

कुणाला सांगितलं नाही. विपावींकडे बघवत नाही.

१५ मार्च

सांगितलं. विपावी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "प्रयोग पुन्हा करता येईल," म्हणाल्या, "मावशीकडे आजच जा."

गेले. तिच्यासमोर जमिनीला डोकं टेकवून सगळं कबूल केलं. तिनं मला उठवून बसवलं.

"म्हणजे तुला ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं."

"मग एवढ्या मोठ्यानं का बोललीस गं?"

लाजेनं मेले. पण मावशी तयार झाली.

२१ मार्च

काल गाठ निघाली! मावशी शुद्धीवर आल्या आल्या पेज मागत होती. मी खूप रडले. वाटलं, सुटले.

२४ मार्च

नर्सनं विचारलं, मावशीच्या गावच्या तिघीजणी ऑपरेशनच्या यादीतून नाव काढून गेल्यात, काही कल्पना आहे का? मी मावशीकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "विहारात त्या वायूचं मीच सांगितलं सगळ्यांना. तुझं नाव घेऊन."