धावपट्टीच्या तोंडाशी

१४ जानेवारी, सकाळ

आजपासून रागवायचं नाही. वैमानिकाचं डोकं थंड हवं. खालचं सगळं थंड डोक्याने लिहिलं आहे.

कॅप्टन मुनीब शिकवत नाहीत, ओरडतात. उडण्याआधी विमान तपासायचं असा नियम आहे. मी तपासत होते. पंख, चाकं, तेल, इंधनाच्या टाकीची टोपी. टोपी घट्ट बसली ना हे बघायला पुन्हा पंखावर चढले, तर म्हणाले, पोरी, ती टोपी आहे, सांगून आलेलं स्थळ नव्हे, किती पारखशील. सगळे हसले. माझ्या तुकडीतला हातेम सगळ्यात मोठ्याने. तो स्वतः टोपीकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला कोणी एक शब्द बोलत नाही.

तपासणी संपेपर्यंत आमची वेळ संपली. ते बोलत बसले नसते तर संपली नसती.

२० जानेवारी

हातेम आज एकटा उडाला. वारा नव्हता. वारा नसताना कोणीही उडेल.

कॅप्टननी मला बाजूला घेऊन बजावलं, रमजान लागायच्या आत एकटीने एक फेरी मारलीस तर ठीक, नाहीतर तुकडीतून नाव कमी, लायसन्स पुढच्या वर्षी. धमकीच ही. बाबांनी सगळ्या अम्मानला सांगून ठेवलंय की मुलगी वैमानिक होणार. रमजान लागायला अजून चांगला महिना आहे. मी आठवड्यात उडणार. ठरलं.

२७ जानेवारी

उडाले नाही. वारा होता. कॅप्टन म्हणाले, याला वारा म्हणत नाहीत, यात माझी आई कपडे वाळत घालते. मी वाद घातला नाही. नियमांचं पुस्तक वाऱ्याच्या पानावर उघडून त्यांच्यासमोर ठेवलं, इतकंच. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

पुस्तकावर गोल डाग पडलाय. माझं पुस्तक.

२ फेब्रुवारी

तीनदा उतरवलं, तिन्ही वेळा अलगद. कॅप्टन शेजारी हाताची घडी घालून बसून होते. म्हणाले, हात छान आहे तुझा, अडचण हाताची नाही. मग कशाची आहे ते सांगायला नको? काही लोकांना अर्धवट बोलायची सवयच असते. संध्याकाळभर संताप.

ढग असल्यामुळे एकटीची फेरी आजही नाही. ढग लांब होते, पण होते.

८ फेब्रुवारी, रात्री आठ

शांतपणे लिहायचं आहे. हे तिसरं पान, आधीची दोन फाडली, रागाने.

आज कॅप्टननी मध्येच विमान थांबवायला लावलं, दार उघडलं आणि खाली उतरले. म्हणाले, जा, एक फेरी मारून ये. मी धावपट्टीच्या तोंडाशी गेले. टॉवरने परवानगी दिली. मी निघणारच होते. तेवढ्यात मागे अबू तलाल यांचं विमान येऊन उभं राहिलं. बाबांपेक्षाही वयाने मोठे, केस पांढरेशुभ्र, सगळं विमानतळ त्यांना उठून सलाम करतं. त्यांच्यापुढे मी कशी घुसणार? मला लहानपणी आत्याने घरीच शिकवलं, आणि अक्षरांच्याही आधी हे शिकवलं की मोठ्यांच्या आधी उंबरा ओलांडायचा नाही.

मी रेडिओवर म्हटलं, काका, आधी तुम्ही. ते म्हणाले, छे, छे, आधी तू. मी म्हटलं, शक्यच नाही. ते म्हणाले, अल्लाची शपथ, तुझ्याआधी माझं चाक हलायचं नाही. मग विचारलं, कोणाची गं तू? मी सांगितलं. तर ते आजोबांचे शाळासोबती निघाले. आता तर प्रश्नच मिटला. आजोबांच्या मित्राच्या पुढे?

टॉवरवाला किंचाळला, ही धावपट्टी आहे, कोणाचा दिवाणखाना नाही, दोघांपैकी कोणीतरी एक हला. वर एक विमान उतरायचं सोडून घिरट्या घालत होतं म्हणे. शेवटी त्याने अबू तलालना बाजूच्या वाटेने पुढे घेतलं आणि मला परत पाठवलं.

कॅप्टन दहा मिनिटं ओरडले. चूक कोणाची? शपथ कोणी घातली?

१२ फेब्रुवारी

कॅप्टनचा निरोप आला. उद्या रमजानआधीचा शेवटचा शुक्रवार, सुट्टी, सकाळी विमानतळावर चिटपाखरू नसतं, तेव्हा ये. मागे कोणी म्हातारा उभा राहणार नाही याची जबाबदारी माझी. टोमणा आहे. असू दे. उद्या उडून आले की त्यांच्याशी आठवडाभर बोलणार नाही.

१३ फेब्रुवारी

निरभ्र. वारा नाही. मागे कोणी नाही.

टॉवर म्हणाला, निघ पोरी, सगळं आकाश तुझंच आहे. मी विचारलं, कोणी उतरायला येतंय का? म्हणाला, कोणी नाही. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. म्हणाला, मघाशी एक कबुतर गेलं. मी म्हटलं, मी थांबते. त्याने विचारलं, कोणासाठी?

मी ब्रेकवरचा पाय काढला नाही. इंजिन चालू होतं. धावपट्टी सरळ होती.

बऱ्याच वेळाने कॅप्टन मुनीब चालत आले, दार उघडून शेजारी बसले. ओरडले नाहीत. रमजाननंतरच्या तुकडीत नाव घालतो, एवढंच म्हणाले.

परत आलो तर हातेम आणि दोन मुलं पाण्याची बादली घेऊन उभी. पहिल्यांदा एकट्याने उडून आलेल्याला भिजवायची रीत आहे. मी जमिनीवरूनच परत आले हे त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग हातेम म्हणाला, पाणी आणलंच आहे, तर काच धुऊन टाकू. धुतली. एक फडका मीही घेतला.

पुसताना सारखी त्याच्याकडे बघत होते. हसत असता तर बरं झालं असतं.