संकेतस्थळावरचा कैलासवासी

चि. कीर्तीस, माकुणसारहून दिनानाथमामाचे पोटभर आशीर्वाद. जावईबापूंचा खोकला गेला का? सासूबाईंना माझा नमस्कार सांग. इथे घरी सगळे खुशाल. मी तेवढा वारलोय.

घाबरू नकोस, बाई. आपल्या शुश्रूषा मंडळाची वेबसाइट तूच केलीस, आणि दामूअण्णा गेल्यावर त्यांच्या नावाला 'कै.' तूच लावलंस. ते एक ओळ खाली घसरून माझ्या नावाला चिकटलं. (अण्णा वरच्या ओळीत ठणठणीत आहेत.) परवा नवापूरची रखमा भेटली. नवऱ्याचा पाय मोडलेला, माणूस महिनाभर अंथरुणात. आणि मंडळाकडे रुग्णांना वापरायला द्यायच्या चाकांच्या आठ खुर्च्या धूळ खातायत! वेबसाइटवर माझाच नंबर आहे, फोन का नाही केलास म्हणून मी जवळजवळ ओरडलोच. तर म्हणते, "तुमी नाय असं तिथं लिवलंय. मेल्या मानसाला फोन कसा लावू?" फार लाज वाटली गं. (खुर्ची त्याच संध्याकाळी पोचवली.)

मग पालघरला कार्यकारिणी बसली. एक अक्षर बदलायला नाशिकला तुझ्या मागे लागावं लागतं, तेव्हा वेबसाइटच नवी करायची. पण सॉफ्टवेअर कुठलं? बोईसरच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारा आपला सभासद प्रीतम तीन घेऊन आला. पहिल्याला दर आठवड्याला अपडेट हवं. (अध्यक्ष एकनाथला दर आठवड्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही.) दुसरं देखणं, पण 'शुश्रूषा' लिहिलं की अक्षरांचा भुगा. तरी एकनाथ त्यावरच अडून. म्हणे, मंडळाचं नाव बदलू! मी हात टेकले. तिसरं अगदी साधं: एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचून होकार दिल्याशिवाय जगाला काही दिसत नाही. चारुताबाई (आपल्या खजिनदार) म्हणाल्या, हेच घ्या. मीही हात वर केला, तर एकनाथ म्हणतो, कैलासवासींना मत नाही. सगळे खो खो हसले, मीही हसलो, पण माझं मत काही मोजलं नाही लेकाने. तरी तिसरंच ठरलं.

तुझा (अजून तरी) मामा,
दिनानाथ

ता. क. नवं उभं राहायला दोन महिने लागतील, आणि जुन्याचा पासवर्ड तुझ्याकडेच. तेव्हा सॉफ्टवेअरचं सोड, आजच्या आज माझं 'कै.' काढ. रखमासारखं आणखी कोणी अडून बसायला नको.

ता. क. २. फक्त 'कै.'च काढ हं. त्याखाली 'यांनी मंडळासाठी हाडाची काडं केली, असा माणूस पुन्हा होणे नाही' असं आहे, ते अण्णांचं असलं तरी तूर्त राहू दे. एकनाथने अजून वाचलेलं नाही. अण्णांची समजूत मी वर गेल्यावर काढीन.