अर्ध्या तिकिटाचं बजेट

९ मार्च २०२३
आज बजेट. औरंगपुऱ्यात माझं कुकर-मिक्सर रिपेअरिंग, शेजारी मुख्तारभाईचं टेलरिंग. टीव्ही त्यांच्याकडे. बायकांना एसटीत अर्धं तिकीट. पुरुषांना काय, असं मी शांतपणे विचारलं. मुख्तारभाई म्हणाले, तुमकू पूरी सीट है ना कारभारीभाई, घर में बैठने कू. मीही हसलो. मग त्यांचा कप फुटला. माझ्या हातात होता, एवढंच.
संकल्प : आजपासून राग बंद. तसा मी मुळात शांत माणूस.

१२ मार्च
वरणात मीठ जास्त. ताट भिंतीवर गेलं. बायको म्हणाली, भिंतीनं काय घोडं मारलंय तुमचं. त्यावर हात उठला. अगदी हलका. ओठ फुटला, पण द्वारकाचे ओठ उन्हाळ्यात फुटतातच. व्हॅसलीन आणायचं.

१७ मार्च, सकाळ
सवलत सुरू. द्वारकाला पैठणला जायचंय, बहिणीकडं, साळूबाईकडं. पूर्वी मी भाड्याला पैसे देत नसे, विषय तिथंच संपे. आज मोठ्या मनानं परवानगी दिली. तोवर ती निघून गेली होती.
व्हॅसलीन राहिलंच.

१९ मार्च
फोन साळूबाईनं उचलला. म्हणाली, ती मागावर बसलीया, पैठणी शिकतीया, हात मोकळा झाला की सांगते.
म्हणजे पोळ्या मी लाटायच्या. सरकारनं घर फोडायला बजेटमध्ये तरतूद केली आणि विरोधी पक्ष गप्प. गिऱ्हाइकाच्या कुकरला लाथ घातली. रिपेअरलाच आलेला होता, त्यामुळं नुकसान शून्य. अंगठा काळानिळा.

२१ मार्च, सकाळ
उद्या पाडवा. तिला आजच्या आज आणणार. येत नसेल तर दंडाला धरून. आणि साळूबाईच्या त्या मागाचा पार भुगा करून येणार. सोबत एक साडी घेतली. कमजोरी म्हणून नव्हे, सणाची म्हणून.

२१ मार्च, संध्याकाळ
पैठण गाडीला सगळ्या बायकाच. रिवाजाप्रमाणं खिडकीतून आत काहीतरी टाकून जागा धरायची. रुमाल नव्हता, पिशवीच टाकली. पिशवीत साडी, मोबाईल, घराची किल्ली. आत घुसून बघतो तर माझ्या जागेवर एक धिप्पाड बाई, पिशवी तिच्या मांडीवर. उठा म्हणालो. ती म्हणाली, पिशवीला घेतलंय मांडीवर, आता तुमाला कुठं घिऊ? सगळी गाडी हसली. मी तिचा दंड धरला, समजावून सांगायला. पुढचं नीट आठवत नाही. चपला, जेवणाचा डबा, कुणाची तरी छत्री. मग मी स्वतःहून खाली उतरलो, डोक्याकडून. गाडी गेली. पिशवीसकट.
एक दात हलतोय. ओठ फुटलाय. उन्हाळा सुरू झालाच म्हणायचा.
मुख्तारभाईच्या फोनवरून माझाच नंबर लावला. त्याच बाईनं उचलला. नाव दगडाबाई. पिशवी पैठणात कुणाला देऊ, एवढंच विचारलं. साळूबाईचा पत्ता सांगावा लागला.
घराचं कुलूप दगडानं फोडलं. बोट आधी फुटलं, कुलूप नंतर.

२२ मार्च, पाडवा
साळूबाईनं मुख्तारभाईला फोन केला, पिशवी कंडक्टरजवळ दिलीया म्हणून. स्टँडवर गेलो. कंडक्टरनं कालची हकिगत ऐकलेली असावी, पिशवी हात लांब करून दिली. साडी परत आलीय, घडीसुद्धा मोडलेली नाही. ही मशीनची हाय म्हणून मागावरच्या बायका लई हसल्या, असं त्यानं न विचारता सांगितलं. काही निरोप, असं मी विचारलं. नाय, म्हणाला, तेवढ्या किल्ल्या जपून द्या म्हणल्या बाई.
पिशवीच्या तळाशी किल्ल्या. एक माझी. एक तिची.
दोन असलेल्या बऱ्याच, एक हरवली तर. पण कुलूप मी कालच फोडलंय. घरात फार शांत आहे. मी शांत माणूस, पण इतकं नको होतं.
उद्या नवं कुलूप आणायचं. त्याच्याबरोबरही दोन किल्ल्या येतील. दुसरी कुणाला द्यायची, ते बघू.