मोजणीच्या दिवशीचे बंद पंप

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

आधी तुमच्या गुडघ्याची चौकशी, मग मामींच्या रक्तदाबाची आणि मग भांडण, अशा क्रमाने हे पत्र वाचावं. (रक्तदाब वाढलाच असेल तर तो तुमच्यामुळे, हे मी धरूनच चालतो.)

तुमच्या घरामागे शाळेच्या आवारात आमच्या भूजल खात्याची विहीर आहे आणि दर तीन महिन्यांनी मी तिच्यात टेप सोडून पाणी मोजतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दोन वर्षं अख्ख्या शहराचं पाणी खाली चाललंय आणि तुमच्या गल्लीचं मात्र वर येतंय! आमच्या साहेबांना तर आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी तुमची गल्ली नकाशावर निळी रंगवली, मला चारचौघांत शाबासकी दिली आणि तिथे आणखी चार मोठ्या बोअर मारायचा प्रस्ताव केला. उद्या दुपारी त्यावर सही आहे.

परवा मोजणी झाल्यावर टेप शाळेतच विसरलो (वेंधळेपणा तुमच्याच घराण्याकडून आलाय), म्हणून काल न कळवता परत आलो, तर गल्लीभर पंपांची घरघर! सहज टेप सोडला. परवा चार मीटर खोलीवर असलेलं पाणी अकरावर! कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं, तर तो कौतुकाने म्हणाला, "तुम्ही येणार म्हटलं की मामा दोन दिवस आधी सगळ्यांचे पंप बंद करायला लावतात. पोराला शांतपणे मोजू द्या म्हणतात. आधी तीनच घरं ऐकायची, आता अख्खी गल्ली ऐकते." मामा, माझ्या परीक्षेच्या वेळी तुम्ही शेजाऱ्यांचा रेडिओ बंद करायला लावायचात, ते ठीक होतं. या वेळी परीक्षा पाण्याची होती आणि तुम्ही त्याला कॉपी पुरवलीत! एवढी माया मला दुसऱ्या कुणी लावलेली नाही, हेही खरं. पण त्या चार बोअर झाल्या तर दोन उन्हाळ्यांत तुमच्याच नळाला नुसती हवा येईल. म्हणून उद्या सकाळी साहेबांना खरा आकडा सांगणार आहे. शाबासकी गेली तर जाऊ दे.

तुमचा लाडका (अजून असल्यास) भाचा

ता. क. मुख्य काम राहिलंच. खरा आकडा दिला की गल्लीतल्या बोअरची यादी मलाच करावी लागेल. तेव्हा परसात पत्र्याखाली लपवलेल्या तुमच्या बोअरची नोंद आजच्या आज स्वतःहून करा. सख्ख्या मामाचं नाव चोरट्या बोअरवाल्यांत लिहावं लागलं, तरी लिहीन.

ता. क. २ पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात इस्त्रीवाल्याकडून सगळं कळल्यावर मामी स्वतःच बोअरच्या नोंदीचा अर्ज भरून आमच्या कचेरीत आल्या. तुमची फक्त सही हवी आहे, म्हणून अर्ज आणि हे पत्र त्यांच्याच हाती पाठवतोय. अर्जात त्यांनी दोन बोअर लिहिल्या आहेत. मामा, दुसरी कुठे आहे?