तीन भावांच्या तारा

२८ एप्रिल
राजीव अनयाशी बोलत नाही! पोरगी अमेरिकन नौदलाच्या अकादमीत निवडली गेली, शेजारपाजारचे फोन करकरून अभिनंदन करतायत, आणि बाप तोंड फिरवून बसलाय. एकुलती एक नात माझी. हीच दोघं पूर्वी उन्हाळाभर कम्युनिटी पूलमध्ये डुंबत पडलेली असायची, हाका मारून घसा बसायचा माझा.

राजीवचं एकच — "बातम्या बघतेस ना आई? रोज एक नवीन देश पेटतोय. आणि ही चालली बोटीवर!"

कांचन शहाणी. सून म्हणून नाही म्हणत, खरंच शहाणी. "आई, मी यात पडणार नाही," म्हणाली आणि ऑफिसच्या कॉलवर गेली. म्हणजे पडायचं मी. "आई, तिला सांग दूध संपलंय." "आजी, टेल हिम आय नो." दोघं एकाच ओट्यापाशी उभी!

३० एप्रिल
अकादमीला होकार कळवायची उद्या शेवटची तारीख. राजीवला विचारलं. लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "तिला म्हणावं, कर मनासारखं. पण मग मला बाबा म्हणून विचारायला येऊ नकोस."

वर गेले. अनयाला म्हटलं, "बाबा म्हणाला, मनासारखं कर." बस्स. पुढचं गिळलं. निरोप काय, भाजीसारखा निवडूनच द्यायचा असतो — सासूचा नवऱ्याला, नवऱ्याचा दिराला, जन्मभर तसाच दिलाय. आमच्या घरात कच्चा निरोप कुणी दिलाय कुणाला?

पोरीने मिठी मारली. तिथल्या तिथे होकार पाठवला.

१ मे
राजीवला कळलं. जेवला नाही.

१० मे
मराठी शाळेच्या निरोप समारंभात अनयाला भाषण करायचंय. देवयानी म्हणून बाई आहेत तिच्या, गोड मुलगी आहे; म्हणाल्या, "दिवाळीवर बोल, नाहीतर आजीवर." अनयाने विषय घेतला — पहिलं महायुद्ध कसं पेटलं आणि कसं पसरलं! मराठी सुधारायला मी.

भिंतीवर नकाशा चिकटवलाय. "बघ आजी, साराजेव्होला ऑस्ट्रियाचा प्रिन्स मारला. ऑस्ट्रियाने सर्बियाला दम दिला. सर्बियाच्या मागे रशिया. ऑस्ट्रियाच्या मागे जर्मनी. रशियाला फ्रान्सने प्रॉमिस केलेलं. मग जर्मनी फ्रान्सला मारायला निघाली थ्रू बेल्जियम, म्हणून ब्रिटन. अँड ब्रिटन मीन्स इंडिया टू. इंडियाला कोणी विचारलंच नाही!"

थक्क झाले मी. डॉक्टरकी केली, अख्खी पुस्तकं पाठ केली, पण शाळेत आम्हाला इतिहास म्हणजे नुसत्या सनावळ्या. असं कुणी उलगडून सांगितलं नव्हतं. अठरा वर्षांची पोर! अभिमानाने ऊर भरून आला, लिहून ठेवते.

मग राजांची नाती विचारली. इंग्लंडचा राजा आणि रशियाचा झार मावसभाऊ. जर्मनीचा कैसर इंग्लंडच्या राजाचा आतेभाऊ. "अगं, मग ही भाऊबंदकीच की!" म्हटलं. तिला शब्द समजावून सांगितला तर हसून हसून कार्पेटवर लोळली. "आय ॲम सो यूझिंग दॅट!"

१७ मे
"आणि अमेरिका कधी पडली त्यात?" विचारलं.
"तीन वर्षांनी जवळजवळ. आम्ही लेट येतो आजी, पण येतो."
आम्ही! कॉलर ताठ करून म्हणाली. कौतुकही वाटलं आणि राजीवच्या बातम्याही आठवल्या.

२४ मे
भाषण झालं. राजीव आला होता! शेवटच्या रांगेत, चहाच्या टेबलाला खेटून.

काय बोलली पोरगी! एक अक्षर इंग्रजी नाही. भाऊबंदकीवर अख्खा हॉल हसला. मग म्हणाली, "हे भाऊ एकमेकांना प्रेमाने तारा करत होते. खाली लाडकी नावं लिहीत होते. आणि तेव्हाच आगगाड्या सैनिकांनी भरत होत्या." सर्बियाचं उत्तर वाचून कैसर म्हणे स्वतःच म्हणाला होता की आता युद्धाचं कारण उरलं नाही, ऑस्ट्रियाला तसं कळवा. "पण त्याच्या मुख्य प्रधानाने निरोप उशिरा पाठवला. आणि बदलून पाठवला."

मला माझा भाजीसारखा निवडलेला निरोप आठवला. पुढचं जपान, तुर्कस्तान, आफ्रिका, इटली — अर्धवटच ऐकलं. टाळ्या थांबेनात. देवयानी रडत होत्या. राजीव मागच्या मागे गाडीकडे गेला.

२५ मे
राहवेना. अनयाला निरोपाचा उरलेला अर्धा भाग सांगून टाकला. वाटलं होतं, आता काही खरं नाही.

"आजी, आय न्यू! बाबा इतकं गोड बोलतो का कधी? तरी मी येस केलं. तो येस माझा होता, तुझा नाही."

माझ्याहून मोठी झाली की ही, कधी झाली?

"मग भाषणात ते प्रधानाचं..." तर नुसती हसली. लबाड!

संध्याकाळी दोघांना समोर बसवून सांगितलं. आजपासून टपाल बंद. मी कुणाला काही सांगणार नाही, कुणाचं काही विचारणार नाही. बोला, नाहीतर बसा.

१२ जून
बसलेत. दूध संपलंय, कुणी कुणाला सांगितलं नाही. कोरा चहा प्यायले.

२० जून
मधे पडावंसं फार वाटतंय. तोंडाशी आलेले चार शब्द गिळले. कांचनने माझा हात दाबला. देवा, असं नको जाऊ देऊस पोरीला, बापाच्या एका शब्दाशिवाय.

अकादमीत दाखल व्हायचा दिवस
पहाटे राजीवच गाडी काढून उभा होता. कुणी सांगितलं नव्हतं. अनया पुढे त्याच्या शेजारी, आम्ही दोघी मागे. पूल ओलांडताना पाणी दिसलं, तसं त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "आई, तिला विचार, नीट पोहता येतं ना?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. कांचनही.

बऱ्याच वेळाने, रस्त्यावरची नजर न काढता — "अनू, नीट पोहता येतं ना गं?"

"तूच शिकवलंस की, बाबा."