तुझ्या अंगाने जिला घर दिलं

प्रिय कमल,

आज सकाळी वैनगंगेच्या घाटावर तुझी राख सावडताना तुझ्या भावाने, वामनने, एक पांढरा भुसभुशीत गोळा बाजूला काढला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. म्हणून लिहायला बसलोय.

"हे हाड नोहे," तो म्हणाला. "मुंबईची पिशवी असन."

गाठ काढल्यावर मुंबईच्या डॉक्टरने तुझ्या छातीत सिलिकॉनची पिशवी बसवली, एवढं मला माहीत होतं. वामनला त्यापुढचंही माहीत होतं! दवाखान्यातला कंपाउंडर तो. तिथेच सांगत सुटला, की अंगात परकं काही आलं की शरीर त्याच्याभोवती पापुद्रा विणतं. सगळ्यांचंच विणतं. पण कोणाकोणाचा पापुद्रा आवळत जातो, मग छाती दगडासारखी कडक होते.

"कमलचं तसंच झालतं. लय दुखे तिले."

लय दुखे! आणि मी? तुझ्यासाठी नागपूरचं कॉलेज अर्ध्यात सोडून आलेला मी? लामत्याच्या रस्त्याने सायकलवर मागे बसायचीस, पण माझ्या पाठीला टेकायची नाहीस. मी घर येईस्तोवर तोंड फुगवून असायचो. एकदा तरी सांगायचंस ना गं!

"तुले काहून सांगतलं तिनं?" मी वामनची कॉलर धरली.

"याच्यासाठीच! ती म्हणे, त्याले सांगतलं तं तो मुंबईले जाऊन डॉक्टरची कॉलर धरन."

तो रडता रडता हसला. मी नाही हसलो. गोळा रुमालात बांधला आणि तडक घरी आलो.

खरं सांगू? वामनपेक्षा मला या पिशवीचाच जास्त हेवा वाटतो. कुठली कोण, परकी, मुकी वस्तू! तिला तुझ्या अंगाने आपल्याच मांसाचं घर बांधून दिलं, दुखलं तरी घट्ट धरून ठेवलं. आणि मी लग्नाचं काढलं की म्हणायचीस, "थांब ना जरा."

किती थांबायचं होतं, कमल?

आता तुझी आई माझ्या दाराशी उभी आहे. "दे रे बाबू. पोरीले अर्धी कशी सोडू पान्यात?" मागून वामन ओरडतोय, "अबे, खोल ना दरवाजा!"

देतो. त्या वामनच्या हातात मात्र देणार नाही, काय वाट्टेल ते होवो! तुझ्या आईच्या पदरात घालीन. ती पाण्यात सोडेल तेव्हा काठावर गप उभा राहीन, कोणाशी भांडणार नाही. एवढं वचन घे.

पत्र इथेच राहू दे. मी बाहेर पडतो, दार ओढून घेतो.

तुझाच,
सुधाकर