साखरपुड्याची सतरा वर्षं

हेलसिंकी,
रविवार, ७ सप्टेंबर १९१९

प्रिय फ्रूमाताई,

तुझं पत्र गुरुवारी पोचलं. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ अजून पंचविशीतच आहे. लेइबभावोजींचा खोकला थांबला, ही ओळ तिने मला दोनदा वाचायला लावली. मुलांना तिचे पापे. इथे पाव आता रांग न लावता मिळतो, आणि परवा हेरिंग मासेही चांगले मिळाले.

या वर्षात तू तिसऱ्यांदा तेच विचारलं आहेस. कायदा होऊन दीड वर्ष उलटलं, तिथल्या आपल्या ज्यू लोकांना नागरिकत्वाचे कागद मिळाले, आता लग्न केलं म्हणून देशाबाहेर काढत नाहीत, मग मी आणि झाल्मन लग्न कधी करणार? पहिल्यांदा मी तुला बटाट्यांबद्दल लिहिलं, दुसऱ्यांदा हवेबद्दल. आज हेरिंगवर भागवणार होते. पण तुझं वाक्य वाचून आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला. तू लिहिलं होतंस, ‘सतरा वर्षं वाट पाहिलीस, लाडके, आता कशाची वाट पाहतेस?’ आई म्हणाली, “सांग तिला. मीही ऐकते.”

आई आता शेजारी गेली आहे, म्हणून लिहिते.

सबबी पुष्कळ होत्या, आणि सगळ्या खऱ्या होत्या. कायदा झाला त्याच महिन्यात यादवी सुरू झाली. ती संपते तो उपासमार. मग झाल्मनची आई गेली. महिन्यानंतर लग्न चालतं, असं रब्बींनी स्वतः सांगितलं, तरी आम्ही पूर्ण वर्ष पाळलं. समाजात आमच्या श्रद्धेचं फार कौतुक झालं. जूनमध्ये दारूबंदी आली तेव्हा आईने हात टेकले. “पन्नास वर्षांनी या लोकांनी आपल्याला लग्नं करू दिली, आणि लगेच दारू बंद केली. यांना आपलं सुख बघवतच नाही!”

ताई, आता जे लिहिते ते बसून वाच.

तू गेलीस त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते. तुमच्या लग्नाला आठवडा झाला आणि कागद आला. आई-बापाच्या घरातल्या अविवाहित मुलीला या देशात राहता येत होतं, लग्न झालेल्या तुला येत नव्हतं. बाबांनी झारच्या पलटणीत घालवलेली वर्षं तुझ्या कामी आली नाहीत. तुझी बोट सुटली आणि मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी ठरवलं, मला कोणी बोटीवर बसवायचं नाही. कोणीही नाही.

दोन वर्षांनी मध्यस्थ रीगाचं स्थळ घेऊन आला. मुलगा लाकडाच्या वखारीत कारकून, दात चांगले, घर स्वतःचं. बाबांनी होकार द्यायचाच बाकी ठेवला होता. नारिंकेच्या बाजारात आपल्या गाळ्याशेजारी झाल्मन टोप्या शिवत बसायचा, ते तुला आठवत असेल. मी जुना कोट उसवत होते. मी म्हटलं, “झाल्मन, तुला हे शहर सोडायचंय?”

“आणि जाऊ कुठे? एवढ्या टोप्या घेऊन?”

“मलाही नाही सोडायचं. मग आपण साखरपुडा करून टाकू.”

त्याने सुई टोपीत खुपसून ठेवली. “साखरपुडा केला की लग्न करावं लागतं.”

“लग्न केलं की देश सोडावा लागतो. तो सोडायचा नाही म्हटल्यावर लग्न कसं करणार?”

त्याने सुई टोपीतून काढून पुन्हा दोरा ओवला. मग म्हणाला, “म्हणजे शनिवारचं जेवण तुमच्याकडे?”

झालं. दोन्ही आयांनी मिळून रीतीप्रमाणे बशी फोडली. फुटलेली बशी जोडता येत नाही तसं ठरलेलं मोडता येत नाही, असं रब्बी म्हणाले. मोडायचं होतं कोणाला? रीगाचा मुलगा परत गेला, पुन्हा मध्यस्थ फिरकला नाही, आणि मी आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या खिडकीशी, आपल्या गाळ्यावर राहिले.

दर सहा महिन्यांनी राहण्याच्या परवान्यावर शिक्का मारून आणायला पोलीस कचेरीत जावं लागे. म्हातारा कारकून कागदावरून डोळे न उचलता विचारायचा, “लग्न?” मी म्हणायची, “नाही.” एका वर्षी त्याने मान वर केली. “अजून नाही, बाई? माझ्या मुलीला दोन पोरं झाली.” मी डोळ्यांना रुमाल लावला. बाहेर आले आणि बंदराच्या कट्ट्यावर बसून एक मोठं सफरचंद खाल्लं. काय गोड होतं!

तुला कळतंय ना, मी काय सांगते आहे? मी झुरत नव्हते. तू दरवर्षी माझ्या लग्नासाठी अभ्रे, चादरी, टेबलावरचं कापड पाठवत राहिलीस. त्यातलं एकही पेटीत नाही. सगळं वापरून विरलं. तुझ्या प्रत्येक पत्रात असायचं की, तुमच्या लग्नानंतर पोलीस कडक झाले म्हणून तुझं अडलं, मला क्षमा कर. मी क्षमा करत राहिले! तुझ्यामुळे माझं काहीही अडलं नव्हतं, ताई. हे तुला फार आधी सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तू दुसरं स्थळ शोधायला लागली असतीस. म्हणून तुझे अश्रू मी सतरा वर्षं फुकट घेतले. याची मला लाज वाटते. बाकी कशाचीच वाटत नाही.

मग कायदा झाला. सगळ्यांनी सिनेगॉगमध्ये एकमेकांना मिठ्या मारल्या. झाल्मनने खालून, पुरुषांच्या बाजूने, वर बायकांच्या सज्जात माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघांनी एकदमच मान फिरवली.

गेल्या महिन्यातल्या चौथ्या शनिवारी जेवण झाल्यावर आम्ही नेहमीसारखे खाडीच्या काठाने फिरायला गेलो. अर्ध्या वाटेत तो थांबला.

“मिरेल, आता सबब सुचत नाही.”

“मलाही.”

“आठवडाभर प्रयत्न केला मी.”

“मग?”

“मग खरं सांगतो. शनिवारी तुमच्याकडून निघालो की मी खूश असायचो. आलो होतो म्हणूनही, आणि आता घरी चाललो म्हणूनही.”

मला इतकं हसू आलं की रस्त्यावरची माणसं वळून पाहायला लागली. इतकी वर्षं मला वाटायचं, मी याला फसवते आहे. आणि हा! तोही हसला. मग टोपी काढून हातात धरली, तेव्हा मला कळलं की याचं बोलून झालेलं नाही.

“टाम्पेरेला दुकान टाकायचं म्हणतोय. गिरण्यांचं गाव आहे. हजारो डोकी, आणि थंडी केवढी! आता आपल्याला कुठेही दुकान टाकता येतं. जागा पाहून आलोय.”

“कधी?”

“गेल्या बुधवारी.”

“बुधवारी तू दात काढायला गेला होतास.”

“दात आहे अजून.”

मी झपाझप पुढे चालू लागले. तो म्हणाला, “मी जाणार, मिरेल. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांनी आखून दिलेल्या गाळ्यात बसलो. तू चल. यायचं नसेल तर मी रब्बींना सांगेन की चूक माझी. पुढच्या महिन्यातल्या सणांच्या आधी सांग.”

आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नाही. तो शेजारच्याच गाळ्यात होता. रागाच्या भरात मी एका कोटाची बाही उलटी लावली. वीस वर्षांत पहिल्यांदा. दोरा तोडण्याआधी झाल्मन नेहमी खाकरतो. मला त्याचा वैताग यायचा. बुधवारी तो माल आणायला गेला होता, आणि दुपारभर मी त्या खाकरण्याची वाट पाहत बसले. तिथे उद्या दुसरं कोणीतरी बसेल, ते खाकरणार नाही, आणि हे सगळं शहर मला जसंच्या तसं राहील. बंदर, सिनेगॉग, खिडकी. मग मी त्या शहराचं करू काय?

हे सांगायला मला एवढी पानं लागली. माझं त्याच्यावर प्रेम आहे, ताई. केव्हापासून ते विचारू नकोस, मी बेसावध होते.

तू गेलीस तशी मी जाणार नाही, हेही आता समजलं आहे. तुला जा म्हणून सांगितलं होतं. मला चल म्हणून विचारलं आहे. नाहीच करमलं तर सकाळच्या गाडीत बसावं आणि दुपारी इथे उतरावं. कोणी परवाना मागणार नाही.

आईशी काल बोलले. ती म्हणाली, “मीही येणार. लग्न झालं तेव्हा पलटणीमागून घोडागाडीत बसून इथवर आले. टाम्पेरे म्हणजे काय मोठंसं?”

“आई, तिथे सिनेगॉग नाही. प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुषसुद्धा जमायचे नाहीत.”

“झाल्मन एक,” आई एक बोट दुमडत म्हणाली. “राहिले नऊ.”

तर लग्न मंगळवारी, ११ नोव्हेंबरला, आपल्याच सिनेगॉगमध्ये. तू आणि भावोजी दोघं या, मुलांना आणा, आणि महिनाभर राहा. एकोणीस वर्षांपूर्वी तुला जिथून नेलं, तिथे तू आपल्या पायांनी उतरलेली मला बघायची आहेस. काही भेट आणू नकोस. आणायचीच असेल तर मला दोन शिव्या आण, त्या माझ्या हक्काच्या आहेत.

एक गोष्ट राहिली. झाल्मनला मी अजून हो म्हटलेलं नाही. उद्या सकाळी गाळ्यावर जाताना हे पत्र आधी टपालपेटीत टाकणार आहे, त्यानंतर त्याच्यासमोर जाणार आहे. तुला तारीख कळवून बसले की मला मागे फिरता यायचं नाही. मी स्वतःला चांगली ओळखते.

म्हणून हे सगळ्यांत आधी तुला सांगते आहे. एवढं तुझं देणं लागतेच.

आता काहीही न लपवणारी, तुझी धाकटी,
मिरेल